बॉबिनची गोळी

रविवारी सकाळी अकरापर्यंत हर्षदा बोरसेने तिघांना औषधं सांगितली होती, आणि त्या तिघांत एकही जनावर नव्हतं.

भिकनबाबांच्या गुडघ्याला तिने शेक सांगितला. भिकनबाबा म्हणजे तिच्या आजोबांचे, आबांचे चुलतभाऊ. खानदेशी कानबाईच्या सणाला दरवर्षी इच्छापोरहून येत आणि बसल्याबसल्या सगळ्यांच्या चुका काढत. मग वाल्मिककाकाची कंबर तिने दोन बोटांनी दाबली आणि नुसतं "हं" म्हणाली. ते "हं" तिने कतारगामच्या डॉक्टरसाहेबांकडून उचललं होतं. ते म्हणताना भुवई किती वर न्यायची, याचा सराव आरशासमोर झाला होता. तिसरी पेशंट एक लांबची आत्या. तिच्या पायात गोळे यायचे. हर्षदाने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "खाणंपिणं बरोबर आहे ना? रवंथ..." आणि जीभ चावली.

कुणी हसलं नाही. आत्या तर विचारात पडली.

खरी अडचण हीच होती. सुरतच्या पर्वत पाटियामागच्या या घरात हर्षदाचं बोलणं आता कुणी हसण्यावारी नेत नव्हतं आणि ही परिस्थिती तिने स्वतःच्या हातांनी, दहा आठवडे खपून तयार केली होती.

दहा आठवड्यांपूर्वी ती दर शनिवारी-रविवारी कतारगामच्या एका ट्रस्टच्या जनावरांच्या दवाखान्यात मदतनिसाचं काम शिकायला जाऊ लागली. दहावीपर्यंत वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर तोंड मिटून बसणारी ही मुलगी तिथून परत आली की तिचं तोंड मिटेना. "आज गाईचं ऑपरेशन होतं, मी होते." "इंजेक्शन? ते तर माझ्या डाव्या हाताचा मळ." "डॉक्टरसाहेब म्हणाले, हर्षदाबेन नसती तर आज कठीण होतं." घरात कौतुक झालं. कौतुक तिला फार मानवलं. मग प्रत्येक रविवारी आदल्या रविवारपेक्षा थोडं मोठं काहीतरी घडू लागलं.

तिला खरोखर काय येत होतं? झाडू मारता येत होता. कुत्र्याला काट्यावर उभं करून वजन घेता येत होतं. कुत्रं उभं राहायला तयार असेल तर. आणि जनावर धरता येत होतं, तेही तिथले जुने कंपाउंडर भूपेंद्रभाई दुसऱ्या बाजूने धरत असतील तर.

हे तिला माहीत होतं, भूपेंद्रभाईंना माहीत होतं आणि दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्या बोकडाला फार चांगलं माहीत होतं. घरी कुणालाच माहीत नव्हतं.

आणि आता कपाटावर तो कागद होता. तीन वर्षांचा पशुपालनाचा डिप्लोमा, हॉस्टेलात राहून. दुसऱ्या यादीत तिचं नाव लागलं होतं. उद्या, सोमवारी, शेवटची तारीख. कागदावर सही वडलांची हवी होती. पण विकास बोरसे आबांची मान हलल्याशिवाय पेनाचं टोपणसुद्धा काढत नसत. आणि आबांची मान आठ दिवस जागची हलली नव्हती.

"आबा," तिने पुन्हा एकदा सुरुवात केली. आबा खुर्चीवर चढून कानबाईच्या मखरावर लाइटची माळ लावत होते. खाली पाटावर कानबाई बसली होती. श्रीफळाला डोळे, कुंकू, नाकात नथ, अंगावर हिरवं लुगडं. "आबा, उद्या शेवटची तारीख आहे."

"हं," आबा म्हणाले. त्यांचं "हं" सरावाशिवायही चांगलं होतं.

"हॉस्टेल सुरक्षित आहे. मुलींचं वेगळं आहे."

"तिथे शिकवणार काय?"

"सगळं, आबा! इंजेक्शन, ड्रेसिंग, रक्त तपासायचं, ऑपरेशनमध्ये डॉक्टरांना मदत करायची..."

आबांनी माळ खिळ्याला अडकवली आणि खुर्चीवरूनच तिच्याकडे पाहिलं. हिलाल बोरसे अहिराणीतून बोलले तर समजायचं की घरातलं काही आहे. शाळेतलं मराठी बोलू लागले की निकाल द्यायला बसलेत. आता ते शाळेतलं मराठी बोलत होते.

"पण हे सर्व तर तुला येतं."

"हो... म्हणजे..."

"इंजेक्शन डाव्या हाताचा मळ आहे, तू म्हणालीस."

"म्हणाले होते, पण..."

"गाईच्या ऑपरेशनला तू नसतीस तर कठीण होतं."

"आबा, ते वेगळं होतं."

"मग जे येतं तेच शिकायला तीन वर्षं घराबाहेर राहायचं? अकरावी चालू आहे, ती कर. शनिवार-रविवार कतारगामला जातेसच. एवढी शिकलेली मुलगी, अजून किती शिकवायची?"

"मी पण हेच म्हणते," लीलाकाकू स्वयंपाकघरातून म्हणाली. कोणत्याही बोलण्यात शेवटचं वाक्य आपलं असावं असं तिला वाटे. "तिथे गेली की सणावाराला पण यायची नाही. आणि कुत्र्यामांजरांचं कसलं करिअर गं? तू त्या बॉबिनला दारात बसवतेस तेवढं पुरे आहे."

"तो स्वतः बसतो," हर्षदाची आई सोनाली म्हणाली.

"त्याला दारातून हाकला म्हणून मी वर्षभर सांगतेय."

"तुम्ही सांगता हो वहिनी, पण तो ऐकत नाही."

दोन जावांचं हे असं पोळपाट-लाटण्याच्या तालावर चालू राहिलं. पप्पा कोपऱ्यात मोबाइलवर काहीतरी फार महत्त्वाचं बघत असल्यासारखे बसले होते. मोबाइलचा स्क्रीन बंद होता.

हर्षदाने मनातल्या मनात मतं मोजली. आबा विरुद्ध, काकू विरुद्ध. आई बाजूने. वाल्मिककाका बाजूने, पण त्याच्या भरवशावर राहणं म्हणजे कुजक्या दोरीला टांगून घेणं. पप्पा शून्य. आजी अजून काही बोललीच नव्हती; कानबाईच्या दिवशी आजी माणसांशी फारसं बोलत नसे. आणि उपाय एकच दिसत होता. आबांना आपली कला समोरासमोर दाखवायची. एवढं अंगात आहे म्हटल्यावर कोण अडवेल?

आपण चुकीच्या दिशेने धावतोय हे तिच्या ध्यानात यायला अजून तासभर अवकाश होता.

*

बॉबिन हा गल्लीतला कुत्रा. पांढरा, कमरेवर सुताच्या रिळाला असावा तसा तपकिरी पट्टा, म्हणून कुणीतरी ते नाव पाडलं. चार दिवसांपूर्वी त्याच्या कानामागे कसलीशी जखम झाली. हर्षदाने त्याला रिक्षात घालून कतारगामला नेलं (रिक्षावाल्याला "पाळीव आहे" असं सांगून), डॉक्टरसाहेबांनी जखम धुतली, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. तीन दिवस तिने गोळी बिस्किटात दिली. आज बॉबिनने बिस्किट हुंगलं आणि पायांवर डोकं टेकून डोळे मिटले.

"मऊ कशात तरी गोळी लपवायची," भूपेंद्रभाईंनी सांगितलं होतं, "गोड चालेल. आणि पछी मोढुं जोवानुं, बेन! तोंड उघडून बघायचं, गिळली का नाही. ते विसरायचं नाही."

मऊ आणि गोड. हर्षदा स्वयंपाकघरात गेली. आई तव्यावर वाकली होती, काकू लाटत होती. ओट्यावर पातेलं होतं. त्यातून तिने लिंबाएवढा पुरणाचा गोळा उचलला, त्यात गोळी दाबली, वर बोटाने लिंपून घेतलं. इतका सुबक गोळा झाला की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. आणि ती दारातून ओरडली, "आबा! पप्पा! सगळे इकडे या! गोळी कशी देतात बघायची आहे का?"

सगळे आले. भाऊबंद जमले की कुठल्याही हाकेला सगळे येतात. भिकनबाबा गुडघ्यावर हात टेकत आले, काका कमरेवर हात ठेवून आला, आत्या, तिची सून, शेजारच्या खोलीतली पोरं. आबासुद्धा खुर्चीवरून उतरून उंबऱ्यापाशी आले.

"जनावराला औषध देताना," हर्षदा म्हणाली. आवाज आपोआप डॉक्टरसाहेबांसारखा झाला होता. "आधी त्याचा विश्वास मिळवायचा. घाई नाही. असं खाली बसायचं. हात असा. बघा हं."

बॉबिनने डोळे उघडले. नाक हललं. मग शेपटी. आणि एका घासात गोळा गेला. त्याने तिची बोटं चाटली, तळहात चाटला, फरशीवर सांडलेला कण चाटला, पुन्हा तळहात चाटला.

"झालं!" हर्षदा उभी राहिली. टाळ्या पडतील असं तिला वाटलं. एक टाळी पडलीही. ती आत्याच्या सुनेची होती आणि अर्ध्यातच थांबली.



सगळ्यांच्या मागून आजीचा आवाज आला. तो मोठा नव्हता.

"हर्षे. ते पुरण कोठलं शे?"

*

इथे रोटाबद्दल सांगायला हवं, म्हणजे हर्षदाने काय केलं ते कळेल.

कानबाईचा रोट घरातल्या पुरुषांच्या नावाने निघतो. प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू, तेवढीच डाळ. बायकांच्या नावाची मूठ नसते. बायका ते निवडतात, दळतात, शिजवतात आणि संपेपर्यंत जपतात. कारण तो रोट भाऊबंदांबाहेर जाऊ द्यायचा नसतो. शेजारी कितीही जिवाभावाचा असो, त्याला कण मिळत नाही. लग्न होऊन गेलेली मुलगीही मग दुसऱ्या घरच्या रोटाची. खरकटे हात धुतलेलं पाणीसुद्धा आजी गटारात पडू देत नसे; ते एका घमेल्यात साठवून मागच्या कुंडीत ओतायची. चाळीस वर्षं सुरतेत राहून बोरसेंनी गुजराती भाजीत साखर खायला सुरुवात केली, गरब्याला जाऊ लागले, पोरं घरात हिंदी बोलू लागली. पण रोटाचा दाणा घराबाहेर गेला नव्हता.

आज गेला. सगळ्यांना बोलावून, समजावून सांगून, विश्वास मिळवून.

"रोटनं पुरण," आजी म्हणाली, "कुत्राले. कानबाईसमोर."

हर्षदाला गोळी गिळल्यासारखंच वाटलं, फक्त पुरणाशिवाय.

"मला सुचलंच नाही, आजी. मी गोळीचाच विचार..."

"हे होणारच होतं," भिकनबाबांनी बैठक मारली. आता त्यांचा गुडघा दुखत नव्हता. "जनावरांत जास्त राहिलं की माणसाचं भान जातं. मी म्हणत होतो हिलालभाऊ, पोरीला त्या दवाखान्यात कशाला घालता? आता हॉस्टेलात घाला अजून! तिथून तर काय काय शिकून येईल."

पप्पांनी बंद मोबाइल खिशात टाकला. हर्षदाने ते पाहिलं. कागद कपाटावरून उडून तापीत पडलेला तिला दिसला.

"आता उपाय सांगा बाबा," सोनाली म्हणाली. तिच्या हाताला पीठ होतं आणि डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. "पोरीकडून चुकलं. मुद्दाम नाही केलं."

"उपाय काय! बाहेरच्याने रोट खाल्ला. कानबाईची माफी मागा, आणि तो कुत्रा इथून घालवा. आजच. पुन्हा या दारात दिसता कामा नये."

वाल्मिककाका म्हणाला, "हो, बरोबर आहे. कुठेतरी लांब सोडून येऊ, टेम्पोतून." कुजकी दोरी. अपेक्षेप्रमाणेच.

"कोण सोडणार?" हा आवाज लीलाकाकूचा होता, म्हणून कुणी नीट लक्ष दिलं नाही. मग ती लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. "कोण सोडणार त्याला लांब?"

"अगं, तूच तर वर्षभर..." तिचा नवरा, वाल्मिककाका म्हणाला.

"मी काय म्हणते ते माझं मी बघेन! तुम्ही महिन्यातले पंधरा दिवस रात्रपाळीला मिलमध्ये. मी पोरांना घेऊन खालच्या खोलीत एकटी. दाराशी कोण असतं? तुमचे भाऊबंद असतात? भिकनबाबा इच्छापोरहून येतात राखण करायला? मागच्या होळीला तो माणूस कडी वाजवत होता, त्याच्या पोटरीला कोण चावलं?"

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," काका म्हणाला.

"तुम्ही झोपलेले असता. आणि बाहेरचा म्हणे. रोज संध्याकाळी भाकरी कोणाच्या हातची खातो तो?"

हे शेवटचं तोंडातून निसटलं. सोनालीने जावेकडे अशी नजर टाकली की ती नजर पुढच्या दिवाळीपर्यंत पुरली असती.

"म्हणजे संध्याकाळच्या दोन भाकऱ्या..." ती म्हणाली.

"एक. एकच," लीलाकाकू म्हणाली आणि कपाळावरचं पीठ पुसायला गेली, तर आणखी लागलं.

हर्षदा बघत राहिली. घरातली सगळ्यात मोठी विरोधक लाटणं घेऊन आपल्या बाजूला उभी होती. खरं तर बॉबिनच्या बाजूला; पण आज त्या दोन बाजू एकच होत्या.

"ते सगळं ठीक," भिकनबाबा हटले नाहीत. "घरचा म्हणा. गडी म्हणा. मग त्याच्या नावाची मूठ कुठे आहे? सात पुरुष, सात मुठी. मी स्वतः मोजल्या. आठवी कुठे?"

दळण झालेलं, पुरण शिजलेलं. आता मूठ घालणार कुठे? बॉबिन सगळ्यांच्या मध्ये बसून ज्याचा आवाज येईल त्याच्याकडे मान वळवत होता.

आबा इतका वेळ उंबऱ्याशी उभे होते. ते खाली बसले.

"मनी मूठमातून खादं त्यानी," ते म्हणाले. अहिराणीत. "मी आज एक पोळी कमी खासू. व्हयनं बरोबर."

"तुम्हाला नाहीतरी साखर आहे," आजी म्हणाली. "डॉक्टरने एकच सांगितली होती."

"मग अर्धीच खासू."

भिकनबाबांनी हिशोब डोक्यात करून पाहिला. नियम कुठे मोडतोय ते शोधलं. "मूठ घरच्याच माणसाची... वाटा त्याने दिला... हं," ते म्हणाले. "पण मग तो आजपासून घरचा. रोट संपेस्तोवर बाहेर सोडायचा नाही."

"सोडतंय कोण!" लीलाकाकू म्हणाली आणि आत पोळी करपत होती तिकडे पळाली.

हर्षदाने श्वास सोडला. वाचलो. इतकंच नाही, तर छान झालं. आता जेवणानंतर आबा खुशीत असताना कागदाचं बोलावं, आणि बोलताना आज गोळी कशी एका घासात गेली तेही आठवण करून द्यावं, असा बेत तिच्या डोक्यात तयार होत होता. सुधारण्याची तिला अजून संधी होती आणि ती ती घेत नव्हती.

"हाई काय शे?" भिकनबाबा म्हणाले. त्यांच्या टाचेखाली काहीतरी टोचलं होतं. त्यांनी ते चिमटीत उचललं.

पांढरी गोळी. चाटून चाटून लख्ख झालेली.

*

हर्षदाला पहिल्यांदा जे सुचलं ते असं: "ती दुसरी गोळी आहे." सुचलं एवढंच नाही, तिने म्हणायला तोंडही उघडलं. दहा आठवड्यांची सवय होती.

"ती दुसरी..."

बॉबिन पुढे आला, भिकनबाबांच्या हातातली गोळी हुंगली आणि तोंड फिरवलं.

वाल्मिककाका आधी हसला. मग आत्या. मग तिची सून, जिची अर्धी टाळी वाया गेली होती. "अगं, पुरण खाल्लं आणि औषध थुंकलं! माझा मुलगा असंच करतो!" एवढा रामायण-महाभारताचा गोंधळ झाला, भाऊबंदांची बैठक झाली, मूठ वाटली गेली, आणि बॉबिन रोट खाऊन औषधाविना राहिला होता. हर्षदाचे कान तापले. हसणाऱ्यांत पप्पाही होते, ते तिला जास्त लागलं.

आबा हसले नाहीत. त्यांनी गोळी हातात घेतली, उलटसुलट पाहिली.

"म्हणजे," ते म्हणाले, पुन्हा शाळेतल्या मराठीत, "तुला हे येत नाही?"

साधा प्रश्न होता. हर्षदाने आबांकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या गोळीकडे पाहिलं आणि सकाळचं त्यांचं बोलणं तिला पुन्हा ऐकू आलं. *हे सर्व तर तुला येतं. जे येतं तेच शिकायला?* आपल्याला सगळं येतं हे आठ दिवस ती आबांना पटवत होती, आणि ते आठही दिवस आबांना पटलेलंच होतं.

भाऊबंदांसमोर. त्या लांबच्या आत्यासमोर, जिला तिने पाय गरम पाण्यात बुडवायला सांगितले होते. पुढच्या प्रत्येक लग्नात, बारशात हे निघणार होतं.

"नाही येत," ती म्हणाली.

"बरं."

"भूपेंद्रभाईंनी सांगितलं होतं की नंतर तोंड उघडून बघायचं. मी बघितलं नाही. मला तोंड उघडायची भीती वाटते."

"तोंड उघडायची तुला?" काका म्हणाला. सगळे पुन्हा हसले. हर्षदाही हसली, आणि हसल्यावर पुढचं सोपं गेलं.

"इंजेक्शन पण नाही येत. मी फक्त कापूस देते. एकदा कापूस उलट्या हाताने दिला, तर भूपेंद्रभाई म्हणाले, बेन, तुम्ही बाहेर बसा. गाईच्या ऑपरेशनला मी होते, हे खरं आहे. पण रक्त बघून मी खाली बसले. म्हणजे पडले. मग दोघांनी गाय सोडून मला उचललं. तेव्हा डॉक्टरसाहेब म्हणाले की हर्षदाबेन... म्हणजे..."

"नसती तर कठीण होतं?" पप्पांनी विचारलं. त्या सकाळपासूनचं हे त्यांचं पहिलं वाक्य.

"नसती तर सोपं झालं असतं," हर्षदा म्हणाली.

आता थांबायला काही कारण नव्हतं. दहा आठवडे जेवढ्या उत्साहाने तिने बढाया मारल्या, तेवढ्याच उत्साहाने तिने उरलेलं सांगितलं. थर्मामीटर तिने एकदा बोकडाच्या तोंडात घातला होता, आणि तो तिथे घालायचा नसतो. कुठे घालायचा असतो ते तिने सांगितलं, तेव्हा आत्याच्या सुनेने पोराचे कान झाकले. तापाचे आकडे तिला पाठ नव्हते. म्हशीच्या मागे उभं राहू नये हे तिला म्हशीने शिकवलं होतं. "आणि वाल्मिककाका, तुझ्या कमरेला काय झालंय ते मला माहीत नाही. मी नुसती दाबली."

"पण मला बरं वाटलं," काका गोंधळून म्हणाला.

"आत्या, तुम्ही पण डॉक्टरला दाखवा. माणसांच्या."

आबा गोळी मुठीत धरून ऐकत होते. हर्षदा थांबली तसं त्यांनी भिकनबाबांकडे पाहिलं. भिकनबाबांनी नजर चुकवायच्या ऐवजी मोठ्याने हसायला सुरुवात केली.

"माझ्याकडे काय बघतोस, हिलालभाऊ! सांग ना तिला. नाहीतर मी सांगतो. पोरी, तुझ्या आजोबाने पहिल्या वर्षी गावाला पत्र लिहिलं, चार लूम चालवतो, मालक माझ्याशिवाय चहा पीत नाही. ते वाचून मी गाव सोडून आलो याच्या हाताखाली शिकायला. येऊन बघतो तर हा झाडू मारतोय. सुताचा कचरा गोळा करत होता पोत्यात!"

"आठ महिने," आबा म्हणाले. "लूमला हात लावू दिला नाही. मग एका उडिया मास्तरला सांगितलं, मला काहीच येत नाही. तेव्हा त्याने शिकवलं." त्यांनी मुठीतली गोळी फिरवली. "चार लूमचं पत्र तुझ्या आजीनेपण वाचलं होतं. लग्नाच्या आधी."

"मी नाही वाचलं," आजी म्हणाली. "मला कुठे वाचता येत होतं."

आबांनी विकासकडे पाहून मान हलवली. एकदाच, खाली. "तिला काहीच येत नाही रे. पाठव शिकायला."

पप्पा उठले. कपाटावरचा कागद काढला, पेनाचं टोपण काढलं आणि कानबाईसमोरच्या चौरंगावर ठेवून अशी सही केली की विकासच्या "क"चं शेपूट रेघेबाहेर गेलं. सोनालीने पिठाचे हात मागे धरून ती सही दोनदा वाचली. लीलाकाकू दारातून म्हणाली, "सणाला येत जा म्हणजे झालं. आणि ह्या कुत्र्याचं आता कोण बघणार? मीच बघणार." शेवटचं वाक्य तिचंच झालं.

झालं असतं, पण आजी उठली.

तिने आबांची मूठ उघडून गोळी घेतली. पदर खोचला. बॉबिनसमोर उकिडवी बसली, "ये रे मना बाप," म्हणत डाव्या हाताने त्याचा वरचा जबडा धरला, अंगठा दातांमागे दाबला, गोळी आत, अगदी जिभेच्या मुळाशी सोडली, तोंड मिटून नाकावर फुंकर मारली आणि गळा वरून खाली एकदा चोळला. बॉबिनने गिळलं. तिने तोंड उघडून बघितलं, सगळ्यांना दाखवलं. गावी सासऱ्याचे चार बैल होते, त्यांना औषधाचा ढोस कोण पाजायचं?

पदराला हात पुसत तिने हर्षदाकडे पाहिलं.

"एवढाकरता," आजी म्हणाली, "तीन वरीस?"

भिकनबाबांनी मान तिरकी केली. मुद्दा विचार करण्यासारखा होता. पप्पांचा हात पुन्हा खिशातल्या मोबाइलकडे गेला. आबांनी आजीकडे पाहिलं, बॉबिनकडे पाहिलं, आणि मग हळूच चौरंगाकडे.

चौरंगावर कागद नव्हता. हर्षदा त्या कागदावर मांडी घालून बसली होती.